शांतवनने देऊ केलेले मूत्रपिंड

"दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ थांबली आहेत. डायालिसिस सुरू करावे लागेल," धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले. किती दिवस, एवढेच मी विचारले. ते म्हणाले, "प्रत्यारोपण झाले नाही, तर कायम."

त्याआधी सहा महिने पायांवर सूज होती आणि जेवण कडू लागत होते. वयामुळे असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. तुम्ही करू नये.

डायालिसिस म्हणजे यंत्राने रक्त गाळून पुन्हा शरीरात सोडणे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्यासाठी हातात फिस्टुला करतात. म्हणजे धमनी व शीर जोडून सुईसाठी वाट तयार करतात. पाणी मोजून प्यावे लागते. केळी वर्ज्य. आमच्या चर्चची माणसे मात्र फैजपूरची केळी घेऊनच भेटीला येत. ती मी परिचारिकांना देत असे.

चर्चच्या मंडळीचा मी तीस वर्षे पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, आहे. उपासना, उपवास, उत्पन्नाचा दशांश देणे, काही चुकवले नाही. कशासाठी, असे कोणी विचारले असते, तर न्यायाच्या दिवसाचे भय, असेच उत्तर दिले असते.

धाकटा भाऊ शांतवन पिंपळनेरला शिक्षक. त्याने शोभा या बौद्ध शिक्षिकेशी नोंदणी विवाह केला, तेव्हा पंचांनी त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवले. तसे पत्र मीच लिहिले. त्यानंतर अठरा वर्षे आम्ही बोललो नव्हतो.

डायालिसिसच्या तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. रक्तगट एकच आहे, मूत्रपिंड देतो, म्हणाला. मी नको म्हणालो. का देतोस, हेही विचारले. घरच्या अहिराणीत त्याने उत्तर दिले, "मी तुले काही नवं दी नही ऱ्हायनू, भाऊ. माले जे भेटनं, तेच देस."

प्रभूकडून फुकट मिळाले ते पुढे देतो, असे त्याला म्हणायचे होते. इतकी वर्षे बायबलची वचने शिकवूनही हे कारण मला सुचले नव्हते. मग तो हसला. "मनी किडनी तुन्या पोटमा गयी का तीबी पंच व्हई जाई."

मी हो म्हणालो. दात्याच्या तपासण्या जळगावला झाल्या. क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचे रक्त एकमेकांना स्वीकारते का याची चाचणी, जुळली. मग सीटी स्कॅन. अकरापासून चारपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावले. "हे दाते होऊ शकत नाहीत. आता तेच रुग्ण आहेत." स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता.

शांतवनने विचारले, "मग भाऊचं काय?"



ते पत्र मागे घ्यायचे मी ठरवले. परंतु पत्र पंचांच्या सभेने दिले होते. सभेनेच ते मागे घ्यावे, असे मला वाटले. पहिल्या सभेस गणसंख्या भरली नाही. दुसरी नाताळामुळे पुढे गेली. मी दोनदा पिंपळनेरला जाऊन त्याच्या उशाशी बसलो आणि काही बोललो नाही. ठराव हाती घेऊनच सांगायचे होते.

गुरुवारी तो गेला. शनिवारी ठराव एकमताने संमत झाला.

माझे डायालिसिस चालू आहे. प्रार्थनेत आता मी आभार मानतो. भय पूर्ण गेले, असे म्हणणार नाही. आजारात कोणाला काही सांगायचे असेल, तर ते रीतसर होण्याची वाट पाहू नका.

शांतवन गेल्यापासून शोभा दर बुधवारी एसटीने येऊन माझ्यापाशी बसते. एका बुधवारी, दोन्ही सुया हातात असताना, मी तिला म्हणालो, "ते पत्र मी लिहिलं होतं. चूक झाली. मला क्षमा कर."

तिने यंत्राकडे पाहिले. मग म्हणाली, "हे त्यांना सांगायला हवं होतं, भाऊ."

पुढच्या बुधवारी ती येणार नाही, असे मी धरून चाललो होतो. ती आली.