शंभर चिंचोके

बायकोच्या डोक्यात ते यंत्र बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून मी वही ठेवायला लागलो. दोनशे पानी, आखीव. रोज एक पान. वर तारीख, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, खाली शंभर चौकोन. जमलं तर बरोबरची खूण, नाही जमलं तर शून्य. एका सरकारी कारखान्याच्या मापन विभागात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. दुसऱ्यानं मोजलेलं मी मान्य करतो, पण स्वतः एकदा मोजून झाल्यावर.

चार वर्षांपूर्वी चामराजपेटच्या आमच्या घरात, मागच्या दारच्या ओल्या पायऱ्यांवरून ती पडली आणि मानेतल्या मज्जारज्जूला मार लागला. त्याआधी ती इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्किट बोर्ड तपासायची. सूक्ष्मदर्शकाखाली, चिमट्यानं, केसाएवढे जोड. पडल्यानंतर बोलता येत होतं, मान वळत होती, पण हात मांडीवर ठेवावे तिथेच राहत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आता विश्रांती घ्या. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"विश्रांती घ्यायला मी दमलेय कुठं?"

एका संशोधन केंद्राला तिच्यासारखी सहा माणसं हवी होती. कवटीत रुपयाच्या नाण्याएवढी चकती बसवायची, तिच्यातून निघणारे बारीक धागे मेंदूत जिथून हाताला हुकूम सुटतो तिथे सोडायचे. हात हलवायचा असं मनात आणलं की ते संगणकाला कळतं आणि यंत्राचा हात हलतो. आधी टेबलावरचा हात, आणि पुढे आकाशातला. जुन्या उपग्रहांची दुरुस्ती करणारं एक लहान यान पृथ्वीभोवती फिरत होतं, त्याचा हात चालवायला सहांपैकी दोघांना कायमची नोकरी मिळणार होती. अट अशी की केंद्रातल्या चाचणीत सलग तीन बैठकांना शंभरपैकी किमान पंच्याऐंशी प्रयत्न बरोबर यावेत. तिला ती खुर्ची हवी होती. बाकी कशाबद्दल ती एवढं स्पष्ट बोलल्याचं मला आठवत नाही.

सरावासाठी केंद्रानं टेबलावर बसवायचा एक छोटा यांत्रिक हात आणि त्याला जोडलेला टॅब्लेट घरी दिला. सोबत प्लॅस्टिकच्या खुंट्या होत्या, त्या भोकांत बसवायच्या. दोन दिवसांत तिला त्यांचा कंटाळा आला. मग मी डब्यातले शंभर चिंचोके मोजून एका वाटीत काढले. या वाटीतून उचलायचा, त्या वाटीत टाकायचा. चिंचोका गुळगुळीत, निसटणारा. तिला ते आवडलं.

संध्याकाळी सहा ते साडेसात मी शेजारी वही घेऊन बसायचो आणि मोठ्यानं मोजायचो. आमच्या निपाणीकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आई ज्वारी मापायची तेव्हा ऐकलेलं तोंडात बसलं आहे. लाभ, दोन, तीन. दहा झाले की पुन्हा लाभ. एका पानावर अशा दहा ओळी. पहिल्या आठवड्यात चाळीसच्या आसपास आलेला आकडा दोन महिन्यांत अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, नव्वद असा स्थिरावला. शेजारच्या अक्का दारात उभ्या राहून बघायच्या. "देवा, हिला तर चार हात झाले," म्हणायच्या.

मग केंद्रातली पहिली सराव चाचणी झाली. सत्तावन्न.

तिथे आमचं काम बघणारी इंजिनिअर मुलगी पुण्याची. मला काका आणि बायकोला काकू म्हणायची. ती म्हणाली, "काकू, पहिल्यांदा होतं असं. फ्लायओव्हरचा ट्रॅफिक, एवढा प्रवास, ब्रेन टायर्ड असतो."

आठ दिवसांनी दुसरी. साठ.

परतताना आनेकलकडून येणाऱ्या कामगारांच्या बसमागे आम्ही पाऊण तास अडकलो होतो. घर जवळ आल्यावर बायको म्हणाली, "घरातलं माप खोटं आहे का तिथलं?"

दोन ठिकाणी दोन मापं आली तर कारखान्यात काय करायचं ते मला माहीत आहे. दोन्हीकडचा फरक शोधायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केंद्रात खुर्ची दोन इंच उंच होती, म्हणून घरी खुर्चीखाली फळ्या घातल्या. नव्वद. केंद्रात पंखा नव्हता, पंखा बंद केला. एकोणनव्वद. चिंचोक्यांऐवजी पुन्हा खुंट्या आणल्या. सत्त्याऐंशी. गाडीतून मुद्दाम तासभर फिरवून आणून लगेच सरावाला बसवली. ती चिडली, पण आकडा अठ्ठ्याऐंशी आला. माझ्याकडचे फरक संपले.

त्यानंतरच्या गुरुवारी माझा घसा बसला. आवाजच फुटेना. मी नुसत्या खुणा करत बसलो. शेवटी बेरीज केली, अठ्ठावन्न.

मी ती तीनदा केली. मग बायकोला पान दाखवलं. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याभोवतीच्या मफलरकडे.

"उद्या आवाज आला तर निम्मे मोजा, निम्मे गप बसा," ती म्हणाली.

आवाज शनिवारी आला. पहिले पन्नास मोजून: शेहेचाळीस बरोबर. पुढचे पन्नास न बोलता: अठ्ठावीस.

सगळे फरक तपासताना मी स्वतःला यादीत धरलंच नव्हतं.

सोमवारी इंजिनिअर मुलीनं तिच्याकडच्या नोंदी उघडल्या. तिनं समजावलं ते असं: संगणक काकूंकडून शिकत होता आणि काकू संगणकाकडून. दोघांच्या मध्ये रोज दीड तास माझा आवाज. मी लाभ म्हटलं की बायकोचं मन हात पुढे करायचं, आणि आवाजापाठोपाठ येणारी ती उसळी हाच हुकूम, असं संगणकानं धरून ठेवलं. केंद्रात चाचणीच्या वेळी मी बाहेर बसायचो; आवाज नसला की हुकूम अर्धवट.

"पण काका, तुम्ही मोजत का होता? टॅब्लेट सगळं काउंट करतो, पहिल्या दिवसापासून."

"टॅब्लेट करतो," मी म्हणालो, "पण मी बघितलेलं नसतं."

ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. मग तिनं एक वाट सुचवली. चाचणीला तेवीस दिवस होते. माझ्या मोजण्याचं रेकॉर्डिंग करून काकूंच्या कानात लावता येईल. नियमांत त्याला मनाई नव्हती, तिनं पाहून घेतलं होतं. नाहीतर आतापर्यंतचं सगळं शिकणं पुसायचं आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची. त्याला वेळ पुरेल याची खात्री ती देत नव्हती.

मला रेकॉर्डिंग बरं वाटलं. हातात नव्वद होते, ते पुसायला कोण तयार होईल? मी तसं बोलूनही दाखवलं.

बायकोनं मुलीला विचारलं, "तुझं यान आपल्या डोक्यावर किती वेळ असतं?"

"एका फेरीत साधारण अकरा मिनिटं."

"आणि मी सांगितलेलं त्याला पोचून, त्यानं केलेलं मला दिसेपर्यंत?"

"एखादा सेकंद. कमीजास्त होतो."

"मग ह्यांचं दोन म्हणून होईस्तोवर तिथला हात कुठं असेल?" बायको माझ्याकडे वळली. "आणि तुमच्या तोंडाकडे बघून मी जन्मभर हात हलवायचा होय? पुसून टाक गं."

मुलीनं पुसलं. त्याला चार सेकंद लागले.

पुसल्यानंतरच्या पहिल्या दिवशी एकतीस आले. मी वहीशिवाय, हाताची घडी घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी चौतीस. तिसऱ्या दिवशी मधेच थांबून ती म्हणाली, "तुमचे ओठ हलतायत."

"आवाज कुठं केला?"

"मला दिसतंय की. जावा बाहेर."

तेव्हापासून सहा ते साडेसात मी अक्कांच्या ओट्यावर. त्यांच्याकडे अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलायला घेतलेल्या असत, एक परात माझ्यापुढे सरकवत. "काय अण्णा, घरातनं काढलं वाटतं?"

"काढलंच म्हणा."

"बसा स्वल्प. एवढं सोला." आणि दहा मिनिटांनी, "अण्णा, शेंगा सोलायच्या असतात, मोजायच्या नसतात."

आत काय चाललं आहे ते बाहेर कळत नसे. चिंचोका वाटीत पडल्याचा बारीक आवाज यायचा. कधी एकापाठोपाठ एक, कधी बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत उठून आत जावंसं वाटे. एकदा गेलोही. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं, यंत्राचा हात वाटीवर तसाच थांबलेला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अजून चौदा मिनिटं आहेत." मी परत ओट्यावर आलो. आकडा ती रोज रात्री जेवताना स्वतः सांगायची. एकोणपन्नास. त्रेपन्न. एकदा सलग चार दिवस चौसष्ट. मी घास भरवत राहायचो, ऐकायचो, लिहीत नव्हतो. चाचणीच्या आदल्या दिवशी ब्याऐंशी.

चाचणीच्या तीन बैठका एकाच दिवशी होत्या. मी बाहेरच्या बाकावर. मध्यंतरात मुलगी येऊन सांगून गेली: पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी. तिसरी बैठक वेळेपेक्षा लांबली. दार उघडलं आणि मुलीनं चाकाची खुर्ची बाहेर ढकलत आणली. बायकोचे केस कपाळाला चिकटले होते.

"किती?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा. मोजत असणार तुम्ही बाहेर."

"नाही मोजले."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खरं आहे हे तिला पटलं असावं. "शहाऐंशी," ती म्हणाली. "शेवटचे तीन चुकले. मान धरली होती."

निकाल चार दिवसांनी आला. दोघांत तिचं नाव होतं. पुढच्या सोमवारी साडेआठला खुर्चीवर हजर व्हायचं होतं, खऱ्या यानाच्या.

त्या संध्याकाळी टेबलावरचा हात परत करायची बांधाबांध होती. त्याआधी तिनं त्याच हातानं चिंचोके एकेक करून डब्यात टाकायला घेतले. मी सवयीनं उठून ओट्याकडे निघालो.

"बसा," ती म्हणाली. "डब्यात जाताना मोजा. एखादा हरवलाय असं वाटतंय."

मी खुर्ची ओढून बसलो. तिनं पहिला उचलला, माझी वाट न बघता डब्यात टाकला. तो पडल्याचा आवाज ऐकला आणि मग मी म्हणालो, "लाभ."

नव्याण्णव भरले. शंभरावा गॅसच्या शेगडीखाली सापडला.