पांढरं झाकण, निळं झाकण

धाकटी एक दिवस कुणाची तरी डिस्क कायमची घालवून बसेल, ही काळजी आईच्या मनातून काही केल्या जात नसे. तशा तिच्या काळज्या पुष्कळ होत्या. धाकटीची पाठ, धाकटीचे डोळे, धाकटीचा न उघडता परत आलेला डबा. पण त्या येऊन जाऊन असत. ही मात्र मुक्कामालाच होती. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मध्येच समोर उभी राही आणि विचारी, आज नाही, पण उद्या?

धाकटीचं काम म्हणजे बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांच्या फायली परत काढून देणं. दोन जिने चढून गेलं की एक खोली, खोलीत लांबलचक टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि आजूबाजूला पोट उघडून पडलेल्या डिस्क. पंखा लावायला बंदी, कारण तांदळाच्या दाण्याएवढ्या वस्तू उडून जातात. बंद पडलेल्या डिस्कला ती पेशंट म्हणे आणि जिचे सुटे भाग वापरायचे तिला डोनर. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की आई 'पेशंट बघते' एवढंच सांगून विषय बदलत असे. खोटं बोलल्याचं पाप नाही आणि खरं समजावण्याचा त्रास नाही. फक्त एकदा शेजारणीने आपला गुडघा दाखवण्यासाठी वेळ मागितली, तेव्हा जरा पंचाईत झाली.

आईने कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, आणि पहिल्या वर्गात पास झाली होती. त्यामुळे शास्त्रातलं आपल्याला साधारण सगळंच कळतं, असा तिचा समज होता. पानाचा छेद काय आणि डिस्क काय, शेवटी भिंगाखालीच बघायचं.

त्या दिवशी डब्याचं निमित्त करून ती दुपारीच खोलीवर गेली. धाकटीसमोर दोन अगदी सारख्या डिस्क होत्या. एक धडधाकट, ती डोनर. दुसरी एका कोशकारांची. बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलेल्या एका भाषेचा शब्दकोश हे गृहस्थ अर्धं आयुष्य करत होते. सगळं काम त्या एका डिस्कवर, दुसरी प्रत कुठेच नाही, आणि डिस्कचा खालचा हिरवा बोर्ड जळलेला.

"मग त्या चांगल्या डिस्कचा बोर्ड हिला लावून टाक ना," आई म्हणाली. "सारखाच तर आहे."

"सगळे हेच म्हणतात. खालचा मोबाईलवालासुद्धा."

मोबाईलवाल्याच्या पंगतीला बसवल्याचं आईने मनावर घेतलं नाही. धाकटीने तिला भिंगातून बघायला लावलं. बोर्डावर आठ पायांची एक काळी चिप होती.

"डिस्क कारखान्यात तयार होते तेव्हा तिचे तिचे बारकावे या चिपमध्ये लिहून ठेवतात. हिची वाचणारी सुई किती सरकते, किती वर राहते, असले. दुसरीचे बारकावे हिला दिले, तर सुई चकतीवर ओरखडाच काढेल. मग कुणाच्या बापाला काही काढता येणार नाही."

"म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून जिना उतरल्यासारखं."

"अगदी तसंच," धाकटी म्हणाली आणि आई फुलून गेली. "म्हणून पेशंटची चिप काढायची, आतलं वाचून तपासायचं आणि डोनरच्या बोर्डावर बसवायची."

आतलं म्हणजे काय, तेही तिने दाखवलं. दुसऱ्या एका कामातल्या चिपमधला मजकूर स्क्रीनवर आला. आकड्यांच्या आणि अक्षरांच्या रांगाच रांगा. त्यावर बोट फिरवत धाकटी सांगत गेली. ही आवृत्ती, हा सुयांचा आकडा, इथून पुढे बारकावे. काही कंपन्या आत डिस्कचा नंबरही लिहितात, ही कंपनी लिहीत नाही.

"मग या दोघींच्या चिपा एकमेकींत मिसळल्या तर?"

"नुसतं वाचून कळणार नाही. पण शंका आली तर शोधता येतं. चिप आधी धडधाकट डिस्कला लावायची. ती नीट चालली, तर चिप तिचीच. शंका यायला मात्र हवी."

आई 'हं' म्हणाली. या 'हं'चा अर्थ नवऱ्याला पाठ होता, धाकटीला अजून कळायचा होता. आईचं लक्ष टेबलावरच्या धुळीकडे लागलं होतं.

धाकटीने दोन्ही चिपा गरम हवेने सोडवल्या. पेशंटची पांढऱ्या झाकणात ठेवली, डोनरची निळ्या. बाटल्यांचीच झाकणं ती. "यांना जपायचं," असं म्हणून ती पार्सल घ्यायला खाली गेली.

आईचे हात शिवशिवत होते. तिने फडकं घेतलं आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. स्क्रू एका डबीत, चिमटे उंचीप्रमाणे ओळीत. झाकणं चिकट होती, म्हणून चिपा कागदावर काढून ती स्पिरिटने लखलखीत केली. आणि जपायचं म्हणून चिपा पुन्हा झाकणांत ठेवल्या. एका झाकणात एक.

वर आल्यावर धाकटी दारातच थबकली. "आई, कशाला हात लावलास?"

"कशाला म्हणजे? नुसतं पुसलं. एक वस्तू इकडची तिकडे केलेली नाही."

धाकटीने झाकणांकडे पाहिलं. पांढऱ्यात एक चिप, निळ्यात एक. तिचा जीव भांड्यात पडला. "छान दिसतंय गं," ती म्हणाली. "आता आधी साठलेली बिलं करते. ही चिप रात्री निवांत बसवेन."

घरी येईपर्यंत आई हवेत होती. जेवताना तिने नवऱ्याला सगळं साग्रसंगीत समजावलं. वाट्या मांडल्या, चमचा म्हणजे सुई, ताट म्हणजे चकती. त्याला आमटी वाढून घ्यायची होती, पण वाटी पेशंट झालेली असल्यामुळे तो थांबला.

"आणि ओळखायची खूण काय, तर झाकण," आई म्हणाली. "पांढऱ्यात पेशंटची, निळ्यात डोनरची. मीच तर झाकणं पुसून दिली."

"पुसताना चिपा कुठे होत्या?"

"कागदावर."

"मग पांढऱ्यात कुठली ठेवलीस?"

आईने आठवून पाहिलं. कागद आठवला. त्यावरचे दोन काळे ठिपके आठवले. कुठला कुठून उचलला, ते आठवेना.

"बरोबरही ठेवल्या असतील," ती म्हणाली. "निम्मी शक्यता आहे."

"हो."

"पस्तीस टक्क्यांना पास करतात, हे तर पन्नास झाले."

"कोशकारांना सांगून बघ," म्हणून नवऱ्याने पेशंटमध्ये आमटी वाढून घेतली.

आईने ताटं उचलली. धाकटी हुशार आहे, तिच्या लक्षात येईलच. पण कसं येणार? झाकणं बरोबर, चिपा बरोबर, वर आईची ग्वाही. शंका यायला जागाच ठेवली नव्हती. धाकटी पांढऱ्या झाकणातली चिप उचलेल, बसवेल आणि डिस्क सुरू करेल. ओरखडा पडला तर हात धाकटीचा, नाव धाकटीचं. इतकी वर्षं जिच्या हातून चूक होईल म्हणून झोप उडवून घेतली, तिच्या हातात चूक आपणच धुऊनपुसून, लखलखीत करून दिली. आणि हे कळवलं, तर त्या खोलीची पायरी पुन्हा चढायला मिळणार नाही, डबासुद्धा खालच्या मोबाईलवाल्याकडे ठेवून यावा लागेल, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

"उद्या सकाळी सांगितलं तर?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"ती रात्री बसवणार आहे ना?"

"मग तुम्ही करता का फोन? तुमच्यावर ती चिडत नाही."

"मी काय सांगू? मी कधी धूळसुद्धा पुसलेली नाही," नवरा म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

आईने हात पुसले. सुरुवात कशी करावी? जेवलीस का, पाठ कशी आहे, सहज आठवण आली म्हणून. पण ती सहज आठवणीपर्यंत पोचेतो धाकटीने एका हाताने चिप बसवलेलीही असेल. तेव्हा पहिलं वाक्य एकच, 'कशालाही हात लावू नकोस, मी लावलाय.' ते तिने एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ऐकायला फार वाईट वाटत होतं, पण त्यात चुकीचं काही नव्हतं. तिने चष्मा लावला आणि धाकटीला फोन लावायला घेतला.