मैफलीत दाद दिली म्हणून

“तिला जरा बाहेर नेऊन बसव गं.”

काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या. आवाज गोड. हात माझ्या खांद्यावर.

शिकागोजवळ नेपरव्हिलला त्यांचं घर. बेसमेंटमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. पन्नासेक मराठी माणसं मांडी घालून बसलेली. भारतातून आलेले बुवा गात होते. रविवारची दुपार, भिंतीत वर छोटी खिडकी, तिच्या काचेवर निम्म्यापर्यंत बर्फ.

“तिला” म्हणजे लोरेनला. माझ्या शेजारी बसली होती. मांडी जमत नव्हती, म्हणून दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. एवढ्या माणसांत एकटी काळी बाई.

तिला गाणं आवडलं होतं आणि तिनं ते मोठ्यानं सांगितलं होतं. एवढंच. बुवा खालच्या एका सुरावर खूप वेळ थांबले, मग अलगद वर गेले, तेव्हा तिच्या तोंडून निघालं, “येस!” थोड्या वेळानं, “टेक युअर टाइम, सर!” माना वळल्या. कुणीतरी हसू दाबलं. घरमालक काका, काकूंचे यजमान, मोठे डॉक्टर, ते मांडीवर थाप मारून “क्या बात है” म्हणत होते. दर पाच मिनिटांनी. त्यांच्याकडे कुणी मान वळवली नाही.

“का, काकू?” मी विचारलं.

“अगं, बुवांचा मूड जातो. आणि लोकांना ऑकवर्ड होतं. तुझी मैत्रीण आहे, तुझं ऐकेल ती.”

मी उठले. लोरेनच्या कानात म्हणाले, वर जागा जास्त आहे, तुला पाय पसरता येतील, गाणं वरही ऐकू येतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कोट उचलला आणि माझ्या मागून जिना चढली. वर पोरं टीव्ही बघत होती, माझी आठ वर्षांची मुलगीही त्यांत होती. मी लोरेनला त्यांच्यामागे खुर्ची दिली. टीव्हीच्या आवाजात गाणं ऐकू येत नव्हतं.

आणि मी परत खाली गेले. माझ्या जागेवर बसले. उरलेली मैफल ऐकली. शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

आता सांगते, मी कोण.

मी नागपूरची. इंदोऱ्याची. आमची वस्ती कुणाची, हे नागपुरात लहान पोरालाही विचारावं लागत नाही. वडील गिरणीत. मी नर्सिंग शिकले, सत्तरच्या दशकात अमेरिकेला नर्सेस हव्या होत्या, आले. शिकागोच्या मोठ्या हॉस्पिटलात लागले. नवरा औरंगाबादकडचा, आमच्यातलाच, इंजिनिअर. आमचं आडनाव असं की चार जातींत सापडतं. त्या आडनावाच्या आड आम्ही दोघं राहत होतो. कुणी विचारायचं, “नागपूरला कुठे?” मी सांगायची, “धंतोलीकडे.” तिकडे वकील-डॉक्टरांची, वरच्या जातींची घरं. विचारणाऱ्याचा चेहरा सैल व्हायचा. मग चहा यायचा.

माझ्या आत्याची गायन पार्टी होती. पेटी, ढोलक, चार माणसं, आणि पुढं आत्या. जयंतीला ट्रकवर स्टेज बांधायचे. आत्या बाबासाहेबांची गाणी म्हणायची, तेव्हा अख्खी वस्ती तिच्याबरोबर बोलायची. ओळ संपली की लोक उत्तर द्यायचे. ती मला सांगायची, “ऐकनाऱ्यानं बोललं पायजे पोरी. नाही तं गानारा एकटा पडते.”

शिकलेल्यांचं गाणंही तिला आवडायचं. चहाच्या टपरीवर रेडिओ लागला की उभी राहून ऐकायची. मी दहा वर्षांची असताना एकदा ती मला संगीत सभेला घेऊन गेली. मैदानात मांडव, चारी बाजूंनी कनात, सगळ्यांना प्रवेश खुला, असं लिहिलेलं होतं. आम्ही अगदी मागे बसलो. एका तानेला आत्या बोलून गेली, “जियो माय!” मोठ्यानं. वस्तीत बोलायची तशी.

बिल्ला लावलेला एक माणूस आला. तिची साडी बघितली, माझे पाय बघितले.

“ए बाई, हा तमाशा नाही. चल, ऊठ.”

आत्या उठली. मला वाटलं घरी जाऊ. ती कनातीच्या बाहेर धुळीत बसली. मी तिच्या मांडीला टेकून बसले. गाणं संपेपर्यंत आम्ही तिथंच. आत्या बाहेर बसूनही दाद देत होती. पण हळू. ओठांत.

दहाव्या वर्षी मी बाहेर काढलेल्या बाईबरोबर बाहेर बसले होते. नेपरव्हिलला मी तेहेतीस वर्षांची होते. नोकरी होती, गाडी होती, घर होतं. मी बाईला बाहेर काढलं आणि आत गेले.

लोरेन आमच्या वॉर्डात सीनिअर नर्स. मी नवी असताना माझं इंग्रजी डॉक्टरांना कळायचं नाही, तेव्हा ती मध्ये उभी राहायची. “तिनं बरोबर सांगितलंय. तुम्ही नीट ऐका,” असं डॉक्टरांना म्हणायची. साउथ साइडला तिचं चर्च. ती तिथं गायची. मैफलीआधीच्या शरद ऋतूत तिनं मला बोलावलं. मी घरी नवऱ्याला सांगितलं, बाकी कुणाला नाही.

तिथं मी जे ऐकलं ते मला नवं नव्हतंच. लोरेन एक ओळ म्हणायची आणि अख्खं चर्च तिला उत्तर द्यायचं. म्हाताऱ्या बायका टोप्या सावरत उभ्या राहायच्या. “येस!” “टेक युअर टाइम!” माझ्या डोळ्यांपुढं ट्रकवरचा स्टेज. मी रडले. शेजारच्या आजींनी न विचारता रुमाल दिला. कुठून आलीस, कुणाची, काही नाही.

परत येताना लोरेन म्हणाली होती, “माझं ऐकलंस. आता तुझं ऐकव.”

म्हणून मी तिला त्या बेसमेंटमध्ये नेलं. माझं म्हणून.

मैफल संपल्यावर तिला स्टेशनवर सोडायला मी एकटीच निघाले. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. मी हीटर वाढवला, उगाच. स्टेशन आलं. ती उतरायला लागली आणि थांबली. तिचं इंग्रजी मी इथं मराठीत लिहिते.

“जागेचं खोटं मला सांगायचं नाही. गोऱ्यांनी माझ्या आईला सांगितलं, मला सांगितलं. पलीकडे जागा आहे म्हणून. मला ते वाक्य पाठ आहे.”

दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी मुलगी म्हणाली, “आई, युअर फ्रेंड केप्ट हर कोट ऑन. द होल टाइम.” मी म्हटलं, थंडी वाजत असेल. “इट वॉज हॉट इन देअर,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. वॉर्डात लोरेन कामापुरतं बोलायची. पेशंटचं बीपी, सलाइन, बस. मी तिच्यासमोर उभी राहिले की पेशंटचा चार्टच पुढं करायची. माफी मागायची होती. पण कशाची मागू? काकूंची? माझी? मी स्वतःशी खूप कारणं काढली. पाहुणे होते, घर दुसऱ्याचं होतं, काकू वयानं मोठ्या. प्रत्येक कारण मला ओळखीचं वाटायचं. त्या बिल्लेवाल्याकडेही हीच कारणं असतील.

आमच्या मंडळींची एक रीत होती. मैफल झाली की पुढच्या एखाद्या रविवारी जमायचं. खायला करायचं, टेप लावायची, आणि कोणाला काय वाटलं ते बोलायचं. मग जुन्या मैफली निघायच्या. पुण्याला पहाटेपर्यंत कोण कसं गायलं, कोणी कुठं पहिल्या रांगेत बसून ऐकलं. मी या बैठकींत सात-आठ वर्षं बसले. माझी पाळी आली की वाचलेलं सांगायची. कनातीबाहेर ऐकलेलं कधी सांगितलं नाही.

या वेळीही मी नवऱ्याबरोबर गेले. का गेले माहीत नाही. सवय.

काकांनी कॅसेट लावली. बुवांचा आवाज भरून आला. सगळे डोळे मिटून. मग ती जागा आली. खालचा सूर, वरचा सूर, आणि लोरेन. “येस!”

खोलीत हशा. सुधीर त्या मंडळींतला सगळ्यांत तरुण, नुकताच एमएस करून नोकरीला लागलेला. तो डोळे फिरवून, आवाज जाड करून म्हणाला, “येस सर! येस सर!” अजून हशा. माझा नवरासुद्धा थोडं हसला. सगळ्यांबरोबर हसायची सवय माझ्या ओठांनाही होती.

“काका, एवढं काढून टाकता येईल यार,” सुधीर म्हणाला. “माझ्याकडे डबल डेक आहे. क्लीन कॉपी करतो सगळ्यांना.”

“बरं होईल,” काकू म्हणाल्या. “एवढी सुंदर मैफल, आणि मध्येच ते.”

“नाही काढायचं,” मी म्हणाले.

मला आधी कळलंच नाही की मी बोलले.

“काय गं?”

“टेप मागे घ्या, काका. परत लावा ती जागा.”

काकांनी लावली. लोरेन म्हणते, “येस!” आणि लगेच, नीट ऐकलं तर, बुवा हसतात. गाता गाता. “हां,” म्हणतात, आणि तीच जागा परत घेतात. पहिल्यापेक्षा सुंदर.

“मूड गेला नव्हता त्यांचा,” मी म्हणाले. “तिच्यामुळं आला होता. तुमच्या सगळ्यांच्या ‘क्या बात है’ला ते एकदाही हसले नाहीत.”

नवऱ्यानं माझं कोपर दाबलं. “नको,” तो पुटपुटला.

“तू फार पर्सनल घेतेस,” काका म्हणाले. “आम्ही काय तिला हाकललं का? आरामात बसवलं वर.”

“मी बसवलं. माझ्या हातानं. आणि काका, मी धंतोलीची नाही. मी इंदोऱ्याची आहे. माझी आत्या गायन पार्टीत गायची. तिनं एका सभेत अशीच दाद दिली म्हणून तिला मांडवाबाहेर काढलं. मी तिच्याबरोबर होते.”

टेप चालूच होती. कुणी बंद करेना.

काकूंचा चेहरा मी बघितला. त्या हिशेब लावत होत्या. सात-आठ वर्षांचा. मी त्यांच्या देवघरापाशी कधी गेले होते, संक्रांतीला कुणाला काय वाढलं होतं.

मग त्या म्हणाल्या, “आम्ही कधी जात विचारली का तुम्हाला?”

‘तू’वरून ‘तुम्ही’. एका वाक्यात.

“विचारली, काकू. पहिल्याच दिवशी. ‘नागपूरला कुठे?’ अजून काय असतं ते?”

आम्ही जेवायला थांबलो नाही. कुणी थांबा म्हणालंही नाही.

गाडीत नवऱ्यानं किल्ली फिरवली. मग म्हणाला, “तू बोललीस ते खरं. पण मला विचारायला हवं होतंस. माझंही झाकण उघडलंस तू. मला उद्या सुधीरच्याच ऑफिसात जायचंय.”

त्याचंही खरं होतं. त्या दिवशी मी कुणाकुणाचं देणं अंगावर घेतलं, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी लोरेनच्या समोर बसले. सगळं सांगितलं. आत्या, मांडव, टेप, काकू. मला वाटत होतं ती माझा हात हातात घेईल. तिनं सँडविच खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“तू त्यांना तुझी गोष्ट सांगितलीस,” ती म्हणाली. “चांगलं केलंस. पण यानं माझं काय झालं? त्यांना माहीत नव्हतं बाहेर बसणं काय असतं. तुला माहीत होतं. तरी तू मला बाहेर नेलंस.”

“माफ कर,” मी म्हणाले.

“मी ऐकलं,” ती म्हणाली.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. नंतरही नाही. आम्ही पुढं कितीतरी वर्षं एकाच वॉर्डात होतो. ती माझ्याशी चांगली वागली. चर्चला पुन्हा बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आत्याला मी पत्रातून काही कळवलं नाही. ती गेली तेव्हा मी इथंच होते.

आमच्याकडे फोन येणं थांबलं. मैफली होत होत्या, कानावर यायचं. नवऱ्याला ऑफिसात कुणी काही म्हटलं नाही. फक्त डबा खायला त्याच्या टेबलाशी कुणी येईना.

वर्षभरानं काकूंचा फोन आला. दुसरे कुणी मोठे गायक येणार होते. आवाज पुन्हा गोड.

“या हं तुम्ही दोघं. मागचं विसरून जा. फक्त, घरची मैफल आहे, तेवढं बघा. शांत बसून ऐकणारी मंडळी आहेत.”

मी म्हणाले, “काकू, मी येणार. मुलीलाही आणणार, आणि ती खाली बसेल, पोरांबरोबर वर नाही. मी पहिल्या रांगेत बसणार. आवडलं की मोठ्यानं बोलणार, आमच्या वस्तीत बोलतात तसं. नाही पटलं तर काकांना सांगा, सगळ्यांच्या देखत माझ्या हाताला धरून मला बाहेर काढा. हळूच कानात सांगायला येऊ नका. कुणी कानात सांगितलं म्हणून मी पुन्हा उठणार नाही. स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कुणाला उठवायला तर नाहीच.”

मी फोनशेजारचं पेन उचललं.

“किती वाजता सुरू होणार?” मी विचारलं.