बिल खरं, टॅब दुसऱ्याचा

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात वजनकाट्यावर माझी एकोणीस वर्षं गेली. टँकर आला की वजन घ्यायचं आणि झाकणाच्या सीलवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवायचा. कागद हातात घेऊन टँकरवर चढायचं, सील डोळ्यांनी बघायचं. ड्रायव्हर म्हणतो, साहेब, मी वाचून सांगतो, तुम्ही कशाला चढता. तरी चढायचं. एवढंच माझं काम आहे, म्हणूनच पुढचं सांगताना अवघड वाटतं.

गेल्या वर्षी बायकोची ऐरोलीतली नोकरी गेली. तिचं सगळं खातंच कंपनीने दुसऱ्या शहरात हलवलं. पाच महिने अर्ज करून ती कंटाळली, आणि मग परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवण्याचं काम तिला मिळालं. आठवड्याला सहा तास. अट अशी की लिहिताना अक्षराचं वळण मुलांना दिसलं पाहिजे, म्हणजे पेनने लिहिता येणारा टॅब हवा. पहिला तास सोमवारी सकाळी साडेसहाला होता. नवीन टॅब एकोणतीस हजारांचा. तो विषय आम्ही दोन मिनिटांत संपवला आणि जुना शोधायला लागलो.

फोन चोरीचा आहे का, हे त्याचा पंधरा आकडी नंबर सरकारी साइटवर टाकून बघता येतं. सिम न लागणाऱ्या टॅबला तो नंबर नसतो. त्याला फक्त कंपनीचा सिरियल नंबर. त्यामुळे मी माझे नियम ठरवले होते. विकणाऱ्याच्या घरी जाऊनच घ्यायचा. मूळ बिल आणि खोका पाहिजे. आधारकार्डाची झेरॉक्स घ्यायची. पैसे त्याच नावाच्या खात्यात टाकायचे. या नियमांपायी आठवडाभर पायपीट झाली. एका दुकानदाराने विचारलं, चालू टॅबला बिल कशाला लागतं? दुसरा एक जण पुलाखालच्या पार्किंगमध्ये भेटू म्हणाला, तिकडे मी गेलोच नाही. तिसरा कोपरखैरण्याचा, बोनकोड्याच्या बाजूला राहणारा. शनिवारी संध्याकाळी घरी या म्हणाला.

आम्ही दोघं गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, पस्तिशीचा माणूस, त्याची बायको. त्याने मागण्याआधीच सगळं पुढे ठेवलं. बिलावर त्याचं नाव, आधारवर तेच नाव. बिलावरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर मी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. बरोबर होता. आता टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन आतला नंबर बघायचा, तेवढ्यात चहा आला आणि त्याने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

मी गाव सांगितलं. त्याचा तालुका तोच निघाला. मग एसटी स्टँडसमोरचं भज्यांचं दुकान निघालं, त्याच्या मामाला माझे चुलते ओळखत होते हे निघालं. तो मला गाववाले म्हणायला लागला. चहा पिऊन झाल्यावर त्याच्यासमोर पुन्हा नंबर तपासत बसणं मला बरं दिसेना. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलंही. मी साडेअकरा हजार त्याच्या खात्यात टाकले. निघताना तो म्हणाला, रिसेटबिसेट करत बसू नका, वहिनींसाठी सगळं लावून दिलंय. केवढा समजूतदार माणूस, असं मी जिना उतरताना म्हणालोसुद्धा.

रविवारी दुपारी बायको सरावाला बसली. पेन चांगलं चालत होतं. तिने क, ख, ग गिरवून बघितले, ळ चार वेळा काढला. लिहिलेलं पुसताना ती कचऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरली आणि मला हाक मारली. तिथे एका मुलाचा गृहपाठ होता. बेरजा, नकाशा, "माझी शाळा" म्हणून सात ओळी. खाली शाळेतल्या बाईंचा शेरा. टॅबवरच्या खात्याचं नाव एका बाईचं होतं, ते बिलावर कुठेच नव्हतं. मी सेटिंगमध्ये गेलो आणि जो नंबर काल बघायचा राहिला तो बघितला. खोक्यावरच्या नंबराशी त्याची पहिली चार अक्षरं सोडली तर काही जुळत नव्हतं.

एकोणीस वर्षांत मी कागदाशी कागद कधी जुळवला नव्हता.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. त्याचा स्वतःचा टॅब याच मॉडेलचा, तो पडून फुटला. बिल आणि खोका त्याचा. मग त्याने बाजारात एकाकडून हा स्वस्तात घेतला, बिनकागदाचा. नंतर रिसेट करायला गेला तर आधीच्या खात्याचा पासवर्ड मागायला लागला, तेव्हा तो चोरीचा असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"मग मला का विकलात?" मी विचारलं.

"मग मी काय करायचं होतं, गाववाले? माझे पण पैसे गेलेच होते की," तो म्हणाला. "तुम्ही पण विका. बिल आहेच ना तुमच्याकडे. रिसेट नाही केला तर कुणाला कळत नाही."

पैसे परत करा, आणि टॅब घेऊन दोघं मिळून पोलिसांकडे जाऊ, असं मी म्हणालो. त्याने फोन ठेवला. नंतर उचलला नाही.

टॅब चालू होता, हीच त्यातली अडचण होती. बायकोचा तास पंधरा तासांवर आला होता. मी तिला म्हणालो की मंगळवारी चौकीत जमा करू, तोवर दुसरा काही मिळतो का बघतो. तिने कचऱ्याचा फोल्डर पुन्हा उघडला. पाच महिने घरी बसून काढलेले मी पाहिले होते, त्यामुळे ती हो म्हणाली असती तरी मी काही बोललो नसतो.

"त्या पोराची वही आहे ती," ती म्हणाली. "तिच्यावर मी दुसऱ्या पोरांना काय शिकवू?"

चौकीत हवालदाराने विचारलं, टॅब कधी चोरीला गेला? मी म्हटलं, गेला नाही, आला आहे. तो पेन खाली ठेवून हसला. म्हणाला, काका, असं रविवारी येत जाऊ नका. पण त्याने अर्ज नीट लिहून घेतला, टॅब जप्त केल्याची पोच दिली, आणि विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स मागितली. ती मी दिली. त्या माणसाला बोलावतील का, मी विचारलं. बोलावणारच, तो म्हणाला. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, आपण चहा प्यायलो त्यांच्याकडे.  पैसे परत येणार नव्हते हे दोघांनाही कळत होतं.

रात्री तिने शिकवणीच्या संस्थेला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, महिनाभर फोनवर चालवून घ्या, पण अक्षर दिसलं पाहिजे, नाहीतर दुसरी शिक्षिका बघावी लागेल.

सोमवारी साडेसहाला ती टेबलाशी बसली. समोर कोरे कागद आणि जाड काळं पेन. स्टँड नव्हता, म्हणून मी तिच्या खांद्यामागे उभा राहून फोन कॅमेरा खाली करून कागदावर धरला. सहा मुलं होती. ती एकेक अक्षर सावकाश काढत होती आणि मुलं तिकडे गिरवत होती. पहिल्या पाळीची गाडी मी सोडून दिली होती. वीस मिनिटांनी उजवा हात भरून आला, मी डावा लावला, आणि चित्र हललं. पलीकडून एक मुलगी म्हणाली, टीचर, अक्षर पळतंय.

"अहो, हलू नका," बायको मान वर न करता म्हणाली, आणि तिने ळ पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतला.