मोजणीसाहेबांची थकबाकी

घरी बिल आलं की ते भरून टाकायचं असतं, याबाबत साऱ्या जगाचं एकमत आहे; माझा पूर्वीचा खोलीसोबती तेवढा त्या मताचा नव्हता. बिल म्हणजे त्याच्या लेखी कुणीतरी केलेलं एक विधान असे, आणि विधान आधी तपासायचं, मग पटलं तर मान्य करायचं. तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. बदली होऊन मी दिवेआगरच्या शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा काकींच्या माडीवरच्या दोन खोल्यांपैकी एकीत तो आधीपासून राहत होता. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला, आणि घरामागची नारळी-पोफळीची वाडी चक्रीवादळाने एका दुपारीत आडवी केलेली. त्या जागी काकींनी नवी रोपं लावली होती आणि पोराबाळांसारखी त्यांची उठबस करत होत्या. साऱ्या गावाप्रमाणे मीही माझ्या सोबत्याला साहेब म्हणू लागलो. तो मला मास्तर म्हणे. अडीच वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात जेवलो, आणि त्या अडीच वर्षांत एकही बिल आमच्या घरात सरळ मार्गाने आलं आणि गेलं असं झालं नाही.

गॅसचा सिलिंडर आला की तो आणणाऱ्याला चहा देऊन बसवायचा, मग माळ्यावरून काटा काढायचा, सिलिंडर त्याला टांगायचा आणि दोघांनी मिळून आकडा वाचायचा, असा साहेबांचा रिवाज होता. वजन नेहमी बरोबर भरे. ते बरोबर भरलं की साहेब त्या माणसाची रीतसर क्षमा मागत आणि त्याच्या खोळंब्याचे म्हणून वीस रुपये जास्त देत. पुढे पुढे तो माणूस आमचं घर मुद्दाम शेवटी ठेवू लागला, म्हणजे निवांत बसता यावं. वर्तमानपत्राचं बिल साहेबांनी एका जुलैत चार रुपयांनी कापलं. कारण एकच, दोन दिवस आतली पानं भिजून एकमेकांना चिकटली होती. "वाचता न आलेल्या बातमीचे पैसे कसले?" त्यांनी शांतपणे विचारलं. पेपरवाल्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून गावात फक्त आमचा पेपर प्लास्टिकच्या पिशवीत येऊ लागला. एवढा चिकित्सक माणूस मासळीवालीपुढे मात्र एक शब्द बोलत नसे. ती सांगेल तो भाव. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "मास्तर, ती पाटी डोक्यावर घेऊन दोन मैल चालत येते. ते अंतर मी मोजलंय."

विजेच्या बिलाशी मात्र त्यांचं कायमचं वैर होतं. आमच्या दोन खोल्यांचा मीटर वेगळा होता, बिल काकींच्या नवऱ्याच्या नावावर यायचं, भरायचं आम्ही. साहेबांनी घरातल्या प्रत्येक दिव्याला, पंख्याला, इस्त्रीला किती वीज लागते ते काढून एका वहीत लिहिलं होतं, आणि दर महिन्याला ते स्वतःच्या हिशेबाने येणारी रक्कम, तेवढीच, कार्यालयात जाऊन भरून येत. त्यातला निम्मा वाटा माझ्याकडून पावती दाखवून घेत. उरलेल्या रकमेबद्दल कार्यालयाला एक सुवाच्य पत्र लिहीत. मी विचारलं, की उत्तर ठरलेलं: "पत्रव्यवहार चालू आहे." मी आपला मराठीचा शिक्षक, आकड्यांना भिऊन असणारा, मला वाटायचं, एवढा मोठा माणूस पत्रव्यवहार करतोय म्हणजे काहीतरी असेल.

मग त्यांची बदली महाडला झाली. दोन ट्रंका, काटा आणि लोखंडी फीत घेऊन ते एका सकाळी गेले आणि पंधरा दिवसांनी नोटीस आली. थकबाकी अकरा हजारांच्या वर. मुदतीत न भरल्यास वीज तोडण्यात येईल. माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याच महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या आईला मी माझ्याकडे विश्रांतीला आणणार होतो, आणि कोकणातल्या मे महिन्यात पंख्याशिवाय तिला ठेवणं शक्यच नव्हतं. मी तिरमिरीत फोन लावला.

"साहेब, हे काय करून ठेवलंत?"

"नोटीस आली का?" ते म्हणाले. आवाजात ना अपराध, ना आश्चर्य. "कपाटावर हिरवी फाईल आहे. शेवटचं पान वाचा. वाचून झालं की रागवायचं तर रागवा."

फाईल मी आधी पाहिलीच नव्हती असं नाही, पण उघडली नव्हती. आत दर महिन्याचे आकडे होते, त्याखाली पेन्सिलीने काढलेली एक रेघ, डोंगरासारखी चढउताराची. पावसाळ्यात रेघ जमिनीला टेकायची, दिवाळीनंतर चढायची आणि मे महिन्यात शिखरावर जायची. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पावसाळ्यात ओले कपडे वाळवायला आपली इस्त्री जास्त चालते. तरी बिल उतरते. म्हणजे जादा वीज आपण वापरत नाही. जो पाऊस पडला की थांबतो तो वापरतो.' आणि शेवटच्या पानावर: 'काकींचा पंप. वादळानंतर खासगी वायरमनने तात्पुरता म्हणून माडीच्या मीटरवर जोडला, तो तसाच राहिला. काकींना माहीत नाही. सांगितल्यास त्या पंप बंद करतील आणि रोपं मरतील. पर्यटकांसाठी त्या काढत असलेल्या खोल्या सुरू होऊन हातात पैसा येईपर्यंत तक्रार जिवंत ठेवणे.' तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची होती. पावणेदोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून रोज आमटीभात खात होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

राग कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून मी वीज कार्यालयात गेलो. हप्ते बांधून मिळतील का विचारावं, निम्मे मी, निम्मे साहेबांकडून घ्यावेत, काकींना कळू देऊ नये, असा बेत. तिथल्या बाईंनी ग्राहक क्रमांक पाहिला आणि खुर्ची पुढे केली. "मोजणीसाहेबांच्या घरचे तुम्ही?" त्यांनी खणातून पत्रांचा गठ्ठा काढला. चौदा पत्रं. "आम्ही नव्या माणसांना दाखवतो. अर्ज कसा लिहावा, हे बघा म्हणून." मी तिथेच बसून सगळी वाचली. एकाही पत्रात खोटं नव्हतं. खरं तर एकाही पत्रात विधानच नव्हतं. फक्त प्रश्न होते, अत्यंत नम्र, आणि प्रत्येकाचं उत्तर शोधायला महिनाभर तरी लागावा असे.

हप्ते मिळाले. घरी आलो तर काकी माडीच्या पायऱ्यांवर बसलेल्या, हातात नोटिशीची दुसरी प्रत. नवऱ्याचं नाव छापलेला कागद पोस्टमनने अर्थात त्यांच्याच हातात दिला होता.

"मास्तर, एवढी वीज तुमी दोघं कशाला जाळता?"

मी इस्त्री म्हणालो. मग पंखा म्हणालो. काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, उठल्या, जिन्याखालच्या फळीवरचा माडीचा मेन स्विच खाली पाडला आणि मागच्या दारी जाऊन पंपाचं बटण दाबलं. पंप गप्प. पुन्हा दाबलं. वाडीत गुडघाभर, कंबरभर वाढलेली रोपं उभी होती आणि पन्हळात थेंब नव्हता.

"मला वाटलं, पंपाचं बिल येत न्हाय ते सरकारनं माफ केलंय," त्या बटणावरचा हात काढत म्हणाल्या. "वादळात सगळं गेलं म्हनून. साहेबांना म्हायीत होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"फोन लावा त्यांना."

मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. त्या संतापल्या होत्या. "मला विचारलंस न्हाय," त्या फोनवर म्हणाल्या. साहेबांना त्यांनी एकेरीत हाक मारलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. "माझी झाडं, माझं पानी, आनि मीच आंधळी व्हय? काय समजलास तू मला?"

फोन स्पीकरवर होता. मग साहेबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "काकी, ज्याची जमीन त्याला त्याची हद्द दाखवायची, एवढंच माझं काम. रोज करतो. तुम्हाला दाखवायला धीर झाला नाही. चुकलं."

"चुकलंच," काकी म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. मग पदराने तोंड पुसून आत गेल्या.

हप्ते त्यांनी स्वतः भरले, सगळे. मी पैसे पुढे केले तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते परत खिशात घातले. पंपाला रीतसर वेगळा मीटर घेतला. मधले आठ दिवस त्या आणि मी विहिरीतून कळशीने पाणी ओढून रोपांना घालत होतो. चार रोपं गेली, बाकीची तगली. आई आली, महिनाभर राहिली, दुपारभर काकींशी गप्पा मारत वाडीत बसायची. साहेबांचं नाव मात्र काकींनी दिवाळीपर्यंत काढलं नाही. दिवाळीत त्यांच्या खोल्यांत पहिले पाहुणे उतरले, आणि त्या आठवड्यात महाडला निघालेल्या एका एसटी कंडक्टरच्या हाती त्यांनी साहेबांसाठी लोणच्याची बरणी पाठवली. चिठ्ठी नव्हती. साहेबांनी मला फोन करून बरणी पोचल्याचं सांगितलं.

आता माझ्याबरोबर एक बँकेतला तरुण राहतो. चांगला आहे, नेटका आहे. बिल आलं की तिथल्या तिथे फोनवर भरतो, माझा वाटा किती ते सांगतो आणि हेडफोन लावतो. आमचं कधी बिनसत नाही. आमचं फारसं बोलणंही होत नाही.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. महाडहून कुणी बोलत होता, कारखान्यात नुकताच लागलेला. माझा नंबर त्याला साहेबांच्या जुन्या कागदांत मिळाला होता. "सर, तुम्ही यांच्याबरोबर राहत होता ना? पाण्याचं बिल पाच महिने पूर्ण भरलेलं नाही. विचारलं की म्हणतात, पत्रव्यवहार चालू आहे. मी दुसरी खोली बघू का?"

मी त्याला पुष्कळ काही सांगू शकलो असतो. "बघू नका," एवढंच म्हणालो. "राहा अजून. आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर जेवत जा."

तो हो म्हणाला, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. फोन ठेवला, आणि त्या बिचाऱ्या वैतागलेल्या पोराचा मला मनापासून हेवा वाटला.