डाव्या बाजूचा चेंडू

आमच्या शेजारच्या लाँड्रीवालीला सगळी गल्ली 'भिंत' म्हणते. लोकांना वाटतं, ती कुणाशी बोलत नाही म्हणून हे नाव पडलं असेल. कपडे घ्यायचे, पावती फाडायची आणि 'परवा या' म्हणायचं, एवढ्यात तिचं बोलणं संपतं. गिऱ्हाइकाने जरा इकडचं तिकडचं काढलं की ती इस्त्रीकडे बघत राहते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान तिच्या दुकानाला खेटूनच आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मला चार गोष्टी जास्त माहीत आहेत आणि तिचा रागही चार जणांपेक्षा जास्त येतो. चांगली धडधाकट बाई, अजून पन्नाशीही गाठलेली नाही, आणि जगते अशी, जणू कुणी तिला 'इथेच थांब, आलोच' म्हणून गेलंय.

भिंत हे नाव खरं तर तिच्या दादाने ठेवलेलं. लाँड्रीच्या मागे एक फरसबंद अंगण आहे. माझं शिलाई मशीन त्या अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीशी. संध्याकाळी दादा इस्त्री बंद करायचा आणि चेंडू घेऊन अंगणात यायचा. मागच्या भिंतीवर कोळशाने फुटबॉलच्या गोलाची चौकट आखलेली. ही तेव्हा दहावीत. शाळेचा गणवेशही न बदलता ती त्या गोलात उभी राहायची आणि दादा चेंडू मारत सुटायचा. हिने अडवला की ओरडायचा, "भिंत आहेस गं, भिंत!"

चेंडूच्या धडाधड आवाजाने माझी शिवण वाकडी जायची. मी खिडकीतून तोंडाचा पट्टा सोडला की दादा हात जोडायचा. "काकू, शाळेला गोलकीपर मिळतेय. थोडं सोसा." गोडबोल्या होता मेला. असा की, शेवटी मीच जुन्या गादीचा स्पंज आणि छत्रीचं कापड घेऊन तिला हातमोजे शिवून दिले.

शाळेत मुलींचा संघ पहिल्यांदाच निघत होता. निवड शनिवारी सकाळी, मैदानावर. खेळाच्या सरांकडे तिचं नाव दादानेच देऊन ठेवलं होतं. आठवडाभर दोघांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी दादा हॉटेलच्या चादरींचं गाठोडं सायकलवर लादून पोचवायला निघाला. वळणावर ट्रक आला. पुढचं सांगायला माझी जीभ आजही रेटत नाही.

शनिवारी सकाळी घर माणसांनी भरून गेलं होतं. आई आतल्या खोलीत, वडील उंबऱ्यापाशी, आणि ही माझ्या शेजारी भिंतीला टेकून. सगळे रडत होते, हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी लागली. "काकू, सुरू झाली असेल का?"

काय ते मला कळलं. मी तिचा हात धरून बसले.

सर भला माणूस. भेटायला आले आणि जाताना म्हणाले, "सावरलीस की ये. तुझी वेगळी निवड घेऊ." ती गेली नाही. दादाच्या टेबलावर कपड्यांचा ढीग साचला होता आणि वडिलांचे हात इस्त्री धरली की थरथरायचे. एका सकाळी ही त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कुणी तिला थांब म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. शाळा सुटली ती सुटलीच.

पुढे वडील गेले, मागोमाग आई गेली. एक स्थळ आलं होतं. मुलाने विचारलं, आवड कशाची? ही म्हणाली, "मी गोलकीपर आहे." तो हसला, आणि तिने चहाचे कप उचलून आत नेले. आता दुकानामागच्या खोलीत ती एकटी राहते आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवते. ताट घेऊन बसायचं तर समोर कुणीतरी लागतं, असं एकदा म्हणाली होती.

रविवारी दुकान बंद असतं, तो दिवस तिला खायला उठतो. मग ती एखादा उसवलेला कुर्ता घेऊन माझ्याकडे येते. टाचणीने मुद्दाम उसवलेली शिवण मला ओळखू येणार नाही होय? तरी मी कुर्ता हातात घेते. सावकाश टाके घालते, आणि ती स्टुलावर बसून मशीनचा आवाज ऐकते.

एवढ्या वर्षांत त्या शनिवारबद्दल ती एकच वाक्य बोलत आली. "त्या दिवशी गेले असते ना काकू, तर झालीच असती माझी निवड." दरवेळी मी चिडायची. झाली असती तर झाली असती! एका निवडीवाचून कुणाचं जग अडतं का? पण तिचं अडलं होतं. बाकी सगळं हातातून गेलं होतं, एवढं एक तिच्या मालकीचं उरलं होतं.

दरवर्षी स्पर्धेआधी त्याच शाळेच्या जर्सी तिच्याकडे धुवायला येतात. फाटलेल्या ती माझ्याकडे पाठवते. एक नंबरची, म्हणजे गोलकीपरची, ती सगळ्यात शेवटी इस्त्री करते. या वर्षी त्या पिशवीत, कुणाच्या विसरभोळेपणाने, एक चेंडूही आला.

रविवारी दुपारी ती माझ्या मागच्या दाराशी आली. या वेळी कुर्ता नव्हता. काखेत चेंडू आणि हातात मी शिवलेले ते मोजे, स्पंज चपटा झालेला.

"काकू, थोडे चेंडू मारता?"

"डोकं ठिकाणावर आहे का? साठी उलटली माझी."

"पायाने मशीन चालवता ना अजून?" ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "माझी निवड राहिलीये काकू. दुसरं कुणाला सांगू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी चपला काढल्या.

कोळशाचा गोल केव्हाच पुसला होता, पण ती बरोबर जागेवर जाऊन उभी राहिली. पहिला चेंडू तिच्या उजव्या हाताला गेला. ही बाई त्या फरशीवर अशी झेपावली की मी ओरडलेच. अडवला. दुसराही उजवीकडे, तोही अडवला. गुडघा सोलवटला होता, आणि ती हसत होती. तिला दात आहेत हे मी विसरूनच गेले होते.

तिसरा माझ्या पायातून सटकला आणि तिच्या डाव्या हाताला गेला. ती हललीसुद्धा नाही.

"लक्ष कुठंय?" मी म्हटलं आणि परत तिकडेच मारला. पुन्हा तेच. अगदी हाताशी होता, पण पाय जागचा उचलला नाही. ती वळून डावीकडे बघत राहिली.

तिकडे दोन गंजके खांब आहेत. सुकवायचं मशीन आल्यापासून त्यांच्यावर दोरी नाही. तेव्हा होती. रोज संध्याकाळी तिथे हॉटेलच्या पांढऱ्या चादरी वाळत असायच्या. मळका चेंडू एका चादरीला लागला तरी ती पुन्हा धुवावी लागायची, आणि वर वडिलांचा मार. म्हणून दादा कायम उजवीकडेच मारायचा. त्याच्या ते ध्यानीमनीही नसेल, तिच्याही नव्हतं. खिडकीत बसून रोज बघणाऱ्या मलाही नाही.

"दादाने इकडे कधी मारलाच नाही," ती म्हणाली. मग थांबून, "म्हणजे मी गेले असते तरी..."

तिच्या डोक्यातून ते निवडीचं खूळ जावं, असं मला किती वर्षं वाटत होतं. आता गेलं, आणि मला वाटलं, कुठूनही आणून ते तिला परत द्यावं.

"सरांनी शिकवली असती डावी बाजू," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"हो," ती म्हणाली. "शिकवली असती."

तिने मोजे नीट ओढून घेतले आणि पुन्हा जागेवर उभी राहिली. "मारा काकू. डावीकडे."

मी मारला. ती झेपावली, उशिरा. दुसरा मारला, तोही गेला. ऊन उतरेपर्यंत एकही तिच्या हाताला लागला नाही. दरवेळी ती उठायची, चेंडू आणून माझ्या पायाशी ठेवायची आणि परत जायची.

शेवटी चेंडू ठेवताना ती वाकलेलीच राहिली.

"दादाला सांगू नका," ती म्हणाली, आणि त्या शनिवारी जे रडली नव्हती, ते रडायला लागली.

मी तिच्याजवळ जायला निघाले, तर तिने हाताने थांबवलं. डोळे मोज्याला पुसले आणि मागे सरकत भिंतीपाशी गेली. मी चेंडू पुन्हा डावीकडे मारला.