चुन्यावर सिमेंट

गौलीगुड्यातलं आमचं घर वाचवायचा अर्ज मी केला आणि ते घालवलंही मीच.

घर दुमजली. खाली रस्त्याला लागून दोन दुकानांचे गाळे, वर आम्ही. भिंती दोन हात जाड, सगळं काम चुन्याचं. छताला सागवानी तुळया, रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. सज्ज्याखालच्या तीन कमानींवर चुन्यातच घडवलेले पोपट आणि द्राक्षांचे घोस. आजेसासऱ्यांनी परभणीकडची जमीन विकून हे घर बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं, तेव्हा पोपट हिरवे होते म्हणे. माझ्या वेळेपर्यंत रंग गेला होता आणि बऱ्याच चोचीही.

ते उदारीकरणाचे दिवस. फोन मागितला की मिळू लागला, घरोघरी केबल आली आणि बिल्डर जुन्या गल्ल्यांतून माना वर करून फिरू लागले. घर दोघा भावांचं. थोरले दीर बरकतपुऱ्यात वेगळे राहत; घर पाडून चार मजले बांधायचं त्यांनी एका बिल्डरशी बोलून ठेवलं होतं. संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव लागलं तर पाडता येणार नव्हतं. म्हणून मी नवऱ्याची सही घेऊन, पोपटांचा फोटो जोडून अर्ज टाकला.

दीर माझ्याशी थेट बोलत नसत, आमच्यात तशी रीत नव्हती. मी समोर असले तरी भावाला सांगत.

"तुझ्या बाईसाहेबांना सांग, सगळा देश कुलपं काढतोय आणि त्या नवं कुलूप शोधत बसल्यात."

"त्यांना सांगा, किल्ली दोघांकडे राहील," मी नवऱ्याला म्हणाले. नवरा पेपर वाचत राहिला.

पाहणीला अधिकारी येणार असं पत्र आलं. आठ दिवस हातात होते. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं तरी आधी भिंती रंगवतात. सरकारी माणूस घर पाहायला येणार आणि दर्शनी भिंतीचे पोपडे लोंबतायत, हे मला बघवेना. मी मिस्त्रीला बोलावलं.

"अम्मा, चूने पे सिमेंट नक्को," तो म्हणाला. "चूना भिगोने को, घोटने को महिना लगता. रुको थोडा."

"महिना कुठाय? आठ रोज में होना," मी म्हणाले. "साफ दिसलं पाहिजे."

साफ दिसलं. कमानी गुळगुळीत झाल्या, वर पिवळा रंग लागला. शेजारणींनी कौतुकही केलं.

अधिकारी आले, रस्त्यात उभे राहिले, अर्जातला फोटो काढून भिंतीशेजारी धरला.

"मॅडम, पोपट कुठे आहेत?"

"आत आहेत. नुसते झाकलेत."

"मग उघडून दाखवा. पंधरा दिवसांनी येतो." माणूस वाईट नव्हता.

मिस्त्रीने छिन्नी लावली. सिमेंटची हातभर रुंद खपली सुटली आणि त्याच्या हातात आली. मागच्या बाजूला पोपट चिकटलेला होता, पोटाने. भिंतीवर नुसत्या विटा. दुसरी खपली काढली, तेच. तिसऱ्या कमानीला मी हात लावू दिला नाही.

"मैं बोला था ना अम्मा," तो हळूच म्हणाला. मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

दीर येऊन गेले. खाली पडलेला ढीग चपलेने चाचपला.

"बाईसाहेबांना सांग, बिल्डरचं निम्मं काम त्यांनी फुकटात केलं."

नवरा हसला नाही.

अधिकारी ठरल्या दिवशी आले, दोन उघड्या कमानी आणि एक पिवळी पाहिली. मूळ दर्शनी काम शिल्लक नाही, असा शेरा लिहून गेले. पुढे करार झाला. कागद बरकतपुऱ्यात दिरांच्या टेबलावर होते. दोघा भावांनी सह्या केल्या. साक्षीदार एक कमी पडत होता. दिरांनी पेन भावाकडे न देता माझ्यापुढे धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले.

"इथे करा," म्हणाले.

मी केली.